जेवण नाकारले

सोमवार, ४ मार्च

दुपारपासून अंगाची लाही लाही होते आहे. गावातल्या शाळेच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुझा राग वहीत उतरव, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर धावून जाशील." म्हणून ही वही. धाकट्या दिराची आहे. लढाईवर जाताना पुढची पानं इंजिनांच्या चित्रांनी भरून बाकीची कोरी टाकून गेला. मी मागच्या पानापासून सुरुवात करते आहे. परत आला की भांडेल, तेव्हा बघू.

झालं ते असं. शाळेचं लष्करी इस्पितळ होऊन महिना झाला. बायकांच्या समितीने मला फाटक्या चादरी शिवायचं काम दिलं आहे. माझ्या दुकानातलं एक शिवणयंत्र उचलून मी वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात मांडलं आहे, पूर्वी पाण्याचं पिंप असायचं तिथे. समोर दुसरीचा वर्ग, आता त्यात तीस खाटा. आज पहिल्यांदाच जेवणाच्या वेळेला मी तिथे होते. वाढपी गाडी ढकलत आला. प्रत्येकाच्या स्टुलावर ताट ठेवलं. सूप, पाव, उकडलेला बटाटा. नऊ नंबरच्या खाटेवरच्या माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. तो ताटाकडे बघत बसला. अर्ध्या तासाने वाढप्याने ते भरलेलं ताट तसंच उचललं, आणि मागून आलेल्या कारकुनाने वहीत काहीतरी लिहिलं. मी मान उंच करून वाचलं. "जेवण नाकारले."

मी म्हटलं, "अहो, त्याने नाकारलं कधी? हात कुठे आहेत त्याला?"

"भरलेलं ताट परत आलं की हेच लिहायचं असतं, बाई."

"तुमचे हात पाठीशी बांधते आणि पुढ्यात ताट ठेवते. मग बघू काय लिहिता ते."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. इस्त्री केलेला चेहरा. म्हणाल्या, "तुमचं काम चादरींचं. चादरी बघा." मी तोंड मिटून चादरी बघितल्या. तीन चादरींवर टाके वाकडे पडले, उद्या उसवावे लागतील.

मंगळवार, ५ मार्च

आज पिशवीत चमचा घालून गेले. बाराला उठले, सरळ नऊ नंबरपाशी गेले आणि सुपात चमचा बुडवला. त्याने तोंड फिरवलं.

"मी काय लहान मूल आहे?"

"नाही. लहान मूल एवढा वेळ उपाशी राहिलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्हाला तेवढीही अक्कल नाही."

शेजारचा आठ नंबर खो खो हसला. नऊ नंबरला हसू आलं आणि तोंड उघडलं गेलं, तेव्हा मी चमचा आत घातला. घाईत सूप हनुवटीवरून गळ्यात. तरी अर्धा वाडगा गेला. माणूस कुलपं दुरुस्त करणारा आहे. म्हणतो, कुठलंही कुलूप कान लावून उघडायचो. आता हातांचं काय होणार, ते डॉक्टर सांगत नाहीत. मला म्हणाला, "तुम्ही शिंपीण ना? टोचून बोलता. टाचणीच आहात." आता सगळा वॉर्ड मला टाचणी म्हणतो आहे.

मोजून बघितलं. तीस खाटांपैकी अकरा जणांना आपल्या हाताने खाता येत नाही. वाढपी एकटा, आणि त्याच्याकडे दोन मजले. त्याचा तरी काय दोष.

गुरुवार, ७ मार्च

दुकान लवकर बंद करून तालीम केली. शेजारची तुरतुरी आणि गणिताच्या बाई आल्या. बाई याच शाळेत एकतीस वर्षं शिकवत होत्या, दुसरीच्या वर्गाच्या खिडकीचा कुठला कोयंडा नीट बसत नाही हेसुद्धा त्यांना ठाऊक. म्हणाल्या, भरवायला जायचं तर आधी भरवून घ्यायला शिका. माझे हात ओढणीने मागे बांधले आणि तुरतुरीला म्हणाल्या, भरव.

तुरतुरी उभ्यानेच भरवायला लागली. नावाला जागणारी बाई. पहिला चमचा नाकाला, दुसरा घशात. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटांत मला तिची भीती वाटायला लागली. एवढीशी, माझ्या ओळखीची बाई, पण हात बांधलेले असले की भरवणारा माणूस राक्षसासारखा मोठा दिसतो.

मग ठरवलं. उभं राहायचं नाही, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. अर्धा चमचा. चमचा वरून आणायचा नाही, खालून आणायचा, म्हणजे दिसतो. आधी काय हवं ते विचारायचं. गिळून झाल्यावर तो मान हलवेल, तोवर थांबायचं. बाईंनी भागाकार करून सांगितलं, अकरा माणसं, अर्धा तास, सहा बायका तरी हव्यात.

मंगळवार, १२ मार्च

आठ जणी झालो! समितीच्या अध्यक्षीणबाईंनी नाक मुरडलं. "आपण पट्ट्या गुंडाळायच्या, फुलं द्यायची. वॉर्डात बसून भरवणं शोभतं का?" मी म्हटलं, फुलं खाता येत असती तर मीही दिली असती.

नशीब चांगलं, मोठ्या सिस्टर रोज बरोबर बाराला औषधांच्या खोलीत जातात त्या साडेबाराला बाहेर येतात. अर्धा तास कसल्या बाटल्या मोजतात कोण जाणे. त्या वॉर्डात असत्या तर आम्हाला हाकललंच असतं.

नऊ नंबरला आधी बटाटा लागतो, मग सूप. उलट केलं तर तोंड वाकडं करतो. लाडोबा आहे नुसता.

घरी मात्र महाभारत. सासूबाईंना कुठून तरी कळलं. "परक्या पुरुषांच्या तोंडात घास घालतेस?" मी म्हटलं, "आई, त्यांच्या घरची माणसं येऊ शकत नाहीत." त्यावर त्या, "मग आपलं माणूस लांब असताना तू तिथे कशाला जीव टाकतेस?" शब्दाने शब्द वाढला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, या घरात आम्ही दोघीच, आणि दोघी तापट. आता इस्पितळाचा विषय घरात काढायचाच नाही, असा मी कानाला खडा लावला आहे.

बुधवार, २० मार्च

सासूबाईंनी पोस्टमनची वाट बघणं सोडलं. रोज अकरा वाजता कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या, परवापासून जात नाहीत. बरं झालं. धाकट्याचं पत्र यायला उशीर होतो, लढाईच आहे ती, एवढी काळजी करून काय होणार. मन घट्ट केलेलं दिसतं.

आज घरच्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकदम विचारलं, "तिथली माणसं जेवतात ना गं?" मला वाटलं, पुन्हा भांडणाची सुरुवात. मी म्हटलं, "आमच्या वॉर्डातली जेवतात. बाकीच्या इस्पितळांचं मला काय माहीत?" तशाच आत गेल्या. निदान भांडल्या नाहीत.

सोमवार, २५ मार्च

सासूबाईंच्या स्वयंपाकाचा अंदाज पार बिघडला आहे. रोज जास्त शिजवतात, आणि मी निघताना डबा पुढे करतात. "जास्त झालंय, घेऊन जा तुझ्या त्या लोकांना." जरा विरघळल्या म्हणायच्या! डबा चांगला भरलेला असतो. नऊ नंबर म्हणतो, टाचणीबाई, तुमच्या सासूबाईंच्या हाताला चव आहे.

त्यांचा निळा कपडा पुन्हा दोन्ही बाजूंनी टाके घालून अरुंद करून दिला. आठवड्यात दुसऱ्यांदा. या लढाईच्या दिवसांतलं कापड म्हणजे नुसती फसवणूक, धुतलं की सैल पडतं. दुकानदाराला बोलले पाहिजे.

गुरुवार, २८ मार्च

आज आम्ही मोठा पराक्रम केला. अकरा जण वर्गभर विखुरलेले, त्यांच्यात धावाधाव करण्यात वेळ जातो. गणिताच्या बाई म्हणाल्या, "वर्गात कच्च्या मुलांना मी एका रांगेत बसवायचे, म्हणजे सगळ्यांकडे लक्ष राहतं." खाटांना चाकं आहेत. जेवण झाल्यावर आम्ही खाटा फिरवल्या. आपल्या हाताने खाता न येणारे सगळे खिडकीच्या रांगेत, बाकीचे फळ्याच्या बाजूला. नऊ नंबर मधोमध, राजासारखा. दहा मिनिटांत काम झालं, ऊनही मिळालं. उद्यापासून पाच जणींतही भागेल.

शनिवार, ३० मार्च

काल लिहिता आलं नाही.

खाटा फिरवल्या, पण पाट्या भिंतीवर राहिल्या. प्रत्येक खाटेच्या वर खिळ्याला शाळेचीच पाटी लटकवलेली असते, डॉक्टर खडूने त्यावर सूचना लिहितात. आम्ही माणसं हलवली, पाट्या हलवल्याच नाहीत. काल खिडकीच्या रांगेत एक माणूस होता, पोटाला जखम, दुपारी शस्त्रक्रिया. त्याची "काही देऊ नये" ही पाटी समोरच्या भिंतीवर दुसऱ्याच्या डोक्यावर. तो माणूस गुंगीत पाणी मागत होता. मी त्याला सूप दिलं. मी. माझ्या हाताने. अर्धा अर्धा चमचा, खालून आणून, मान हलवेपर्यंत थांबून, सगळं अगदी नियमाप्रमाणे. वाडगा रिकामा झाल्यावर मला केवढा आनंद झाला होता.

गुंगीचं औषध दिल्यावर सूप उलटून छातीत गेलं. शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली. ताप आहे, श्वास लागतो आहे.

मी सरळ मेजर डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते या सगळ्या इस्पितळाचे प्रमुख. म्हटलं, चमचा माझा होता. मागून गणिताच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, खाटा मी हलवायला लावल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आजपासून एकही बाई वॉर्डात दिसता कामा नये."

मंगळवार, २ एप्रिल

तुरतुरी समितीबरोबर पट्ट्या द्यायला जाते, सासूबाईंचा डबाही नेते, ती सांगते. पोटाच्या जखमेचा माणूस अजून तापातच आहे. आणि खिडकीच्या रांगेतली सगळी ताटं भरलेली परत जातात. नऊ नंबर भिंतीकडे तोंड करून पडतो.

मला माझी लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून मी घरी बसले, तर उपाशी कोण राहणार? मी नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

पोटाच्या जखमेच्या माणसाचा ताप उतरला. वाचला. त्याचं श्रेय सिस्टरांचं आणि त्याच्या स्वतःच्या चिवटपणाचं. जिवात जीव आला, आणि त्याबरोबर रागही परत आला.

लाल कापडाच्या तीस पट्ट्या शिवल्या, नाडी लावून. मेजर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "ज्याला उपाशी ठेवायचंय त्याच्या पायाला ही बांधा. भिंतीला लिहू नका, माणसाला बांधा. खाट कुठेही गेली तरी पट्टी त्याच्याबरोबर जाईल. चूक माझी, मला काय हवी ती शिक्षा द्या. पण त्या अकरा जणांना कशाला देता?"

"त्यांना जेवण मिळतं आहे. नोंद आहे."

"नोंद काय आहे ते मी वाचलं आहे."

त्यांनी दार दाखवलं. पट्ट्या मात्र परत केल्या नाहीत.

सोमवार, ८ एप्रिल

आज बाराला आम्ही आठ जणी शाळेच्या मैदानात, खिडकीच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिलो. हातात एकेक चमचा. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. पहारेकरी म्हणाला, इथे उभं राहता येणार नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "बाळा, पावकी तरी पाठ आहे का आता?" तो त्यांचा विद्यार्थी निघाला! बाजूला झाला बिचारा. वर खिडकीत नऊ नंबरचं डोकं दिसलं. ओरडला, "ओ टाचणी! चमचा गंजेल तो!"

उद्याही जाणार. परवाही.

बुधवार, १० एप्रिल

आज वॉर्डातल्यांनी कमाल केली. खिडकीखाली आम्ही उभ्या होतो, आणि वर वाढप्याने ताटं ठेवली तर धडधाकट हातांच्या एकोणीस जणांनीही ताटाला हात लावला नाही. नऊ नंबर कारकुनाला म्हणाला, "लिहा. आता खरंच नाकारलंय." तीस ताटं भरलेली परत गेली. तीस वेळा तेच दोन शब्द लिहिताना कारकुनाला घाम फुटला म्हणे, कारण ती वही दर शनिवारी वरिष्ठांच्या कचेरीत जाते. मोठ्या सिस्टरांनी त्याच्या पुढ्यात नवा दौत-टाक ठेवला आणि म्हणाल्या, "नीट अक्षरात लिहा, वरिष्ठांना वाचता यायला हवं." त्या नक्की कोणाच्या बाजूने आहेत हेच कळत नाही.

शनिवार, १३ एप्रिल

मेजर डॉक्टरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या लाल पट्ट्या, घडी घालून. म्हणाले, बायका उद्यापासून येऊ शकतात. पट्ट्या बांधल्या जातील. "पण ज्या हाताने चूक झाली तो हात वॉर्डात नको. तुम्ही येणार नाही."

मी मान्य केलं. फाटकाबाहेर येऊन माझा चमचा तुरतुरीला दिला. सांगितलं, नऊ नंबरला आधी बटाटा. आणि मग कुठे जाणार? दुपारी साडेबाराला घरी आले. किती दिवसांनी या वेळेला आले, आठवत नाही.

सासूबाई टेबलापाशी बसल्या होत्या. समोर ताट, भरलेलं, हातही न लावलेलं. त्यातलं एकेक काढून त्या डब्यात भरत होत्या. उद्याच्या, माझ्या त्या लोकांसाठी. बाही मागे सरकली होती आणि मनगटाचं हाड वर आलेलं. हाच निळा कपडा मी तीनदा अरुंद केला आहे. तीनदा! आणि कापडाला शिव्या देत बसले. रोज माणसं मोजणारी मी, अकरा जणांना हात नाहीत हे बघणारी मी.

"आई, कधीपासून?"

त्या उठल्या, कपाटातून पत्र आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. अठरा मार्चला आलेलं. दूरच्या कुठल्यातरी इस्पितळाचा शिक्का. धाकटा गेला. दोन्ही हातांना आणि खांद्यांना भाजल्याच्या जखमा, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ. "अखेरचे नऊ दिवस रुग्णाने जेवण नाकारले."

"मी त्याला एक दिवस उपाशी झोपू दिलं नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याने अन्नाकडे पाठ फिरवली. त्याला जगायचंच नव्हतं. मग माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसणं मला कधी जमलं आहे?

"त्याने नाही नाकारलं, आई. हात भाजलेले होते त्याचे. ताट ठेवतात आणि अर्ध्या तासाने उचलतात. भरवायला कोणी नसलं की असंच लिहितात. मी रोज बघितलंय."

त्यांनी पत्र उचलून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे त्याला भूक होती."

"हो."

मग आम्ही दोघी रडलो. या घरात बरोबर बसून पहिल्यांदाच. रडून झाल्यावर मी खुर्ची ओढली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसले. अर्धा चमचा, खालून आणला. त्यांनी तोंड मिटलेलं. मी थांबले. किती वेळ गेला कोण जाणे, हाताला रग लागली, पण थांबले. त्यांनी तोंड उघडलं. चार चमचे गेले.

मंगळवार, १६ एप्रिल

दोन दिवस सासूबाई माझ्याच हातून चार चार चमचे खात होत्या. आज सकाळी म्हणाल्या, "तुला तिथे बंदी आहे. मला आहे का?"

त्यांचा नेहमीचा चमचा त्यांनी पिशवीत घातला. मी फाटकापर्यंत सोबत गेले. वाटेत दोनदा बसावं लागलं, पण परत फिरू म्हटलं तर माझ्यावर खेकसल्या. पहारेकऱ्याने विचारलं, "आजी, कोणाला भेटायचंय?"

"भेटायला नाही आले. जेवायची वेळ झाली आहे. बाजूला हो."

पुढचं तुरतुरीने सांगितलं. सासूबाईंनी वॉर्डात शिरल्यावर पहिल्यांदा कारकुनाला गाठलं. त्याची वही मागून घेतली, पानं उलटून बघितली, सगळी. मग म्हणाल्या, "यापुढे ताट भरलेलं परत आलं तर असं लिहायचं नाही. 'भरवलं नाही' असं लिहायचं. आणि कोणी भरवलं नाही, त्याचं नाव पुढे लिहायचं." कारकून मोठ्या सिस्टरांकडे बघायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? त्या सांगतायत तसं लिहा." आणि बाराला औषधांच्या खोलीत गेल्याच नाहीत. स्टूल ओढून सासूबाईंना बसायला दिलं.

पाऊण तासाने सासूबाई बाहेर आल्या. चालताना माझा दंड धरला.

"तुझा तो नऊ नंबर आधी बटाटा खातो," म्हणाल्या. "आपलाही आधी बटाटाच खायचा."

"हो, आई."

"उद्या डब्यात जास्त घालूया. बाकीचे बघत बसतात."

घरी येऊन त्या स्वतः ताट वाढून घेऊन बसल्या. मी तिकडे न बघता मशीनपाशी गेले, त्यांचा निळा कपडा मांडीवर घेतला, आणि दोन्ही बाजूंचे टाके उसवायला बसले.